वेगाच्या काट्यालाही शिक्का हवा

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी शनिवारचा बाजार भरायचा. वडाच्या पाराखाली वांगी-मिरच्या घेऊन एक म्हाताऱ्या बाई बसायच्या. गिऱ्हाईक काट्याकडे जरा रोखून पाहायला लागले की त्या पारड्यातले पाव किलोचे वजन उचलून उलटे करायच्या आणि त्याच्या तळहातावर ठेवायच्या. "बघ बाबा, शिक्का हाय सरकारचा." लोखंडी वजनाला एक भोक असते, त्यात शिसे भरलेले असते आणि त्या शिशावर निरीक्षकाची खूण, तिमाहीचे अक्षर आणि सालाचे आकडे ठोकलेले असतात. बाईंना अक्षरओळख नव्हती. पण शिसे ताजे आहे की काळवंडले आहे, कोणी ते कोरून काढले आहे का, हे त्यांच्या अंगठ्याला कळत असे. तो शिक्का मी मारलेला होता. त्यांनी वजन उलटे केले की आपल्या हातून काहीतरी उपयोगाचे होते आहे, असे मला वाटायचे.

वजनमापे खात्यात मी ३२ वर्षे निरीक्षक होतो. आता त्या खात्याला वैधमापन शास्त्र म्हणतात. किराणा दुकानातले काटे, रॉकेलची मापे, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या, पेट्रोल पंप, साखर कारखान्यांचे भुईकाटे, सगळे हाताखालून गेले. पंपावर ५ लिटरच्या मापात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त घट आली तर ते यंत्र तिथल्या तिथे बंद करायचे, हा नियम मला झोपेतही आठवतो. निवृत्त होऊन सात वर्षे झाली. इतक्या दिवसांनी पुन्हा मापांविषयी लिहावेसे वाटले, त्याला एक ई-चलान कारण झाले.

गेल्या वर्षी एका लग्नाहून परत येताना माझ्या गाडीचा फोटो निघाला. मर्यादा ताशी ८० किलोमीटरची होती आणि यंत्राने माझा वेग ९७ नोंदवला. मोबाइलवर संदेश आला त्याच संध्याकाळी मी दंड भरला. माझा वेग जास्त होता. घाई कसलीच नव्हती, रस्ता मोकळा होता आणि पाय खाली गेला, एवढेच. तेव्हा मला कोणी नाहक पकडले, अशी माझी तक्रार नाही.

पण सवयीने मी ते चलान एखाद्या भुईकाट्याची पावती तपासावी तसे वाचले. गाडीचा नंबर होता, तारीख, वेळ, ठिकाण होते, फोटो होता. फोटोत माझ्या गाडीच्या पलीकडच्या लेनमध्ये एक टेम्पोही होता. ९७ हा आकडा ज्या यंत्राने काढला त्याची पडताळणी कधी झाली, कोणी केली, त्याला किती चूक माफ आहे, यातले काहीच नव्हते. म्हणून संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले: दंड भरला आहे, हरकत नाही, फक्त यंत्राचा क्रमांक आणि पडताळणीची तारीख कळवावी. दीड महिन्याने एका ओळीचे उत्तर आले, "सदर यंत्र प्रमाणित आहे." मी निरीक्षक असताना एखाद्या दुकानदाराने मला असे उत्तर दिले असते, तर मी त्याचा काटा उचलून नेला असता.

त्याच सुमारास माझा भाचा न्यू जर्सीहून दिवाळीला आला. चलानाची हकिगत त्याला बहिणीकडून कळली असावी. त्याने बॅगेतून काडेपेटीच्या दुप्पट आकाराची एक काळी डबी काढली. "मामा, हे काचेला चिकटवा. पुढे पोलिसांचं रडार असलं की हे आधीच ओरडतं. तिकडे माझ्या निम्म्या मित्रांकडे आहे." मी म्हटले, "आधी ते काय ऐकतं ते सांग, मग ठरवू." त्या रात्री जेवणानंतर आम्ही दोघे तासभर त्या डबीवर बोलत बसलो.

डबी समजायची तर आधी पोलिसांची वेग मोजणारी रडारची बंदूक समजायला हवी. स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाडसर वाटते, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. लाटा सोडणारा किंवा परतवणारा हलत असला की लाटांची संख्या बदलते, हे ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडले. पोलिसांचे रडार तेच करते, फक्त शिटीच्या जागी रेडिओ लहरी. एका प्रचलित पट्ट्यात ते सेकंदाला २,४१५ कोटी कंपनांच्या लहरी सोडते. ताशी १०० किलोमीटरने समोरून येणाऱ्या गाडीवर आपटून त्या परततात तेव्हा त्यांत सेकंदाला सुमारे साडेचार हजार कंपनांची भर पडलेली असते. २,४१५ कोटींत साडेचार हजार! एवढासा फरक ओळखायचा आणि त्यावरून माणसाला दंड करायचा. दर ताशी किलोमीटरमागे जेमतेम ४५ कंपने हाती लागतात. मला या यंत्राचे मनापासून कौतुक वाटते. दाणा-दाणा तोलणारा सोनाराचा काटा पाहिल्यावर जे वाटते तेच.

आणि सोनाराच्या काट्याइतकेच ते हळवे आहे. रडारचा झोत टॉर्चसारखा पसरतो. बारा अंशांचा झोत धरला तर ३०० मीटरवर तो ६० मीटरहून रुंद होतो. तीन लेनचा रस्ता ११-१२ मीटरचा. म्हणजे त्या झोतात माझी मोटार, शेजारचा टेम्पो, मागचा ट्रक आणि बांधावरचे बाभळीचे झाड सगळेच उभे असतात. साधी बंदूक त्यातला सर्वांत जोरदार प्रतिध्वनी धरते. मोठ्या ट्रकचा सपाट पत्रा लहान मोटारीपेक्षा कितीतरी जास्त लहरी परतवतो. कोणाचा वेग कोणाच्या नावावर लागला, हे ठरवायला बंदुकीमागच्या माणसाचा डोळा आणि प्रशिक्षण लागते. नवी यंत्रे लेनवार गाड्या वेगळ्या करतात, पण त्यांनी ते बरोबर केले की नाही हे कोणीतरी तपासलेले असले पाहिजे.

कोनाचेही तसेच. बंदूक रस्त्याच्या कडेला असेल तर ती गाडीचा पूर्ण वेग पाहत नाही, तिच्या दिशेने येणारा भाग तेवढा पाहते. वीस अंशांच्या कोनातून १०० चा वेग ९४ दिसतो. हातातल्या बंदुकीत ही चूक चालकाच्या बाजूने पडते म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण खांबावर ठरावीक कोनात बसवलेले यंत्र हा फरक स्वतःच भरून काढते. वादळात खांब जरा फिरला, दुरुस्तीवाल्याने यंत्र उतरवून पुन्हा बसवताना दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले, की तीच भरपाई चालकाच्या अंगावर येऊ शकते. तराजूच्या एका पारड्याला चिकटलेल्या पासंगासारखी. काटा मारणारा कोणी नसतो, तरी काटा मारला जातो.

आता भाच्याची डबी. बंदुकीला लहर पाठवून परत आलेली ऐकावी लागते. डबीला फक्त जाणारी लहर ऐकायची असते. जाताना लहर अंतराच्या वर्गाने क्षीण होते, परतताना पुन्हा तेवढीच. त्यामुळे वेग मोजण्याइतका प्रतिध्वनी बंदुकीला मिळायच्या कितीतरी आधी डबीला चाहूल लागते. म्हणून पोलीस बंदूक बंद ठेवून गाडी टप्प्यात आल्यावरच चाप ओढायला शिकले. डबीच्या आतही एक बारीक आंदोलक असतो आणि त्याच्या लहरी थोड्या बाहेर झिरपतात. त्या ऐकून डबी कोणाच्या गाडीत आहे हे शोधणारी यंत्रेही आली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये ही डबी वापरायला बंदी आहे, ती तपासायला तिथे हीच यंत्रे उपयोगी पडतात. आम्ही दुसऱ्या दिवशी ती डबी घेऊन पुण्यात फिरलो. एका मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दरवाजापाशी ती ओरडली. सिग्नलला शेजारी थांबलेल्या नव्या कोऱ्या गाडीच्या कडेला, चालकाला न दिसणारी बाजू पाहणारे रडार होते, तेव्हा पुन्हा ओरडली. त्या फेरीत पोलीस कुठेच नव्हते.

भाच्याने मग मला या डबीची जन्मकथा सांगितली आणि ती ऐकून मला माझे पत्र आठवले. अमेरिकेत पोलिसांनी रडारने वेग मोजायला १९४०च्या दशकाच्या शेवटी कनेटिकटमध्ये सुरुवात केली. ओहायोतल्या डेल स्मिथ नावाच्या माणसाला एका रडारच्या जोरावर दंड झाला. तो अन्यायाचा आहे असे त्याचे म्हणणे होते. त्याने स्वतःच रडारची चाहूल घेणारी डबी बनवली. १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि असल्या डब्यांचा धंदा फोफावला. पुढे १९७९ मध्ये मायामीत एका टीव्ही वार्ताहराने पोलिसांची बंदूक ताडाच्या झाडावर रोखून दाखवली. झाडाचा वेग निघाला ताशी ८६ मैल, म्हणजे १३८ किलोमीटर. एका घराचा निघाला २८ मैल. गाडीतला फिरता पंखा, जवळचा वायरलेस, असल्या गोष्टी तेव्हाच्या रडारला चकवू शकत होत्या. प्रकरण कोर्टात गेले आणि न्यायाधीश आल्फ्रेड नेस्बिट यांनी डेड काउंटीतल्या ऐंशी खटल्यांत रडारचा पुरावा मानायला नकार दिला. त्यानंतर मात्र तिथल्या राष्ट्रीय मापन संस्थेने पोलिसांची रडारे प्रयोगशाळेत नेऊन तपासली आणि त्यांच्यासाठी कसोट्या ठरवल्या.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी माप आले, त्याला शिक्का नव्हता. मग मापाला चुकवायची डबी आली, मग झाडाची फजिती झाली, आणि शेवटी मापाची तपासणी आली. तपासणी आधी आली असती तर डेल स्मिथला जायला एक दार असते.

तपासणी लोकांसमोर झाली की भांडण कसे मिटते, हे मी उसाच्या हंगामात डोळ्यांनी पाहिले आहे. शेतकरी ट्रॉली घेऊन कारखान्यात शिरायच्या आधी बाहेरच्या खासगी भुईकाट्यावर वजन करून यायचे आणि दोन पावत्या हातात घेऊन भांडायचे. एका रात्री कारखान्याच्या फाटकावर तीनशे माणसे जमली होती. व्यवस्थापन सांगत होते की काटा प्रमाणित आहे. कोणी ऐकत नव्हते. आम्ही प्रमाण वजने मागवली, शेतकऱ्यांपैकीच चौघांना पुढे बोलावले आणि त्यांच्या हातांनी ती काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेववली. फरक माफ मर्यादेच्या आत होता. पहाटे तीनला माणसे घरी गेली. आदल्या संध्याकाळी त्यांना ऐकवलेला शब्द आणि पहाटे त्यांनी पाहिलेली गोष्ट एकच होती.

आपल्याकडे वेगाच्या यंत्रांना अशी तपासणी लागू करायला कायद्यात जागा नव्हती असे नाही. २००९च्या वैधमापन कायद्यात 'संरक्षण' या शब्दाची व्याख्या आहे. एखाद्या मापाचे वाचन माणसाच्या किंवा जनावराच्या जिवाच्या काळजीसाठी काय करायचे हे ठरवायला वापरले, तर ते माप संरक्षणासाठी वापरले असे समजावे. तापमापी आणि रक्तदाबाचे यंत्र त्याच खाली येते. रस्त्यावरचे रडार यापेक्षा वेगळे काय करते? २०२१च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेरे, स्पीडगन यांच्यासाठी राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र हवे, ते दरवर्षी नवे करायला हवे, पुढे यंत्र आहे असा फलक आधी दिसायला हवा, गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत जायला हवी, असे त्यात सांगितले आहे. आणि २०२५च्या सुरुवातीला ग्राहक व्यवहार मंत्रालयाने खुद्द वैधमापनाच्या नियमांत वाहनांचा वेग मोजणाऱ्या रडारचा समावेश केला. १ जुलै २०२५ पासून अशा प्रत्येक रडारची पडताळणी आणि मुद्रांकन बंधनकारक झाले. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत होती. मी ती कापून ठेवली आहे.

हा नियम चांगला आहे आणि त्याच्या पुढे जायला हवे. नियम रडारचा आहे. आपल्या रस्त्यांवर रडारबरोबर आणखी दोन तऱ्हांनी वेग मोजला जातो.

इंटरसेप्टर गाडीतल्या पोलिसाकडे बहुधा लेझरची बंदूक असते. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या टिचक्या गाडीवर मारते आणि प्रत्येक टिचकी परतायला किती वेळ लागला ते पाहते. ३०० मीटरवरच्या गाडीपर्यंत जाऊन यायला प्रकाशाला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट वेळ लागतो. झोत तिथे एखाद्या मीटरचाच असतो, त्यामुळे कोणती गाडी याचा घोळ नाही. भाच्याची डबी इथे जवळपास निरुपयोगी. ती ओरडेपर्यंत आकडा पडद्यावर आलेला असतो. पण मोजणी चालू असलेल्या सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात पोलिसाचा हात हलला आणि झोत काचेवरून घसरून मीटरभर पुढच्या नंबरप्लेटवर आला, तर तेवढ्यानेच वेगात ताशी दहा-बारा किलोमीटरची भर पडू शकते. बहुतेक बंदुका असली गडबड ओळखून वाचन टाकून देतात. बहुतेक. तपासणी उरलेल्यांसाठी असते.

दुसरी तऱ्हा सरासरी वेगाची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून ज्या लोखंडी कमानी आणि कॅमेरे दिसतात, त्या यंत्रणेत ही सोय आहे. एका कमानीखालून गेलात की नंबरप्लेट वाचली जाते, पुढच्या कमानीखाली पुन्हा वाचली जाते. दोन्हींत १० किलोमीटर अंतर असेल आणि तुम्ही ते पाच मिनिटांत कापले असेल, तर तुमचा वेग १२० होता. कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून पुढे पुन्हा पळणाऱ्याला यात जागा नाही. ऐकण्यासारखी रडारची लहर इथे नसतेच, म्हणून कोणतीही डबी इथे मुकी. माझ्या मते वेग मोजायची ही सर्वांत न्याय्य रीत आहे, कारण एका क्षणाचा पाय ती धरत नाही, तुमची सवय धरते. पण तिचाही तराजू आहे. एका पारड्यात अंतर, दुसऱ्यात घड्याळ. दोन कमानींच्या घड्याळांत दोन सेकंदांचा फरक असेल तर १० किलोमीटरच्या पट्ट्यात १०० चा वेग साडेशंभर होतो, चालून जाईल. तोच फरक एक किलोमीटरच्या पट्ट्यात १०० चे १०६ करतो. अंतर कोणी मोजले, कोणत्या साखळीने, घड्याळे कशाला जोडलेली आहेत, हे विचारायला वैधमापनाच्या माणसाहून योग्य कोण? लेझर आणि सरासरी वेगाच्या यंत्रणेलाही तोच शिक्का लागला पाहिजे.

जर्मनीत हे काम आमच्यासारखेच खाते करते. बाजारातला काटा आणि रस्त्यावरचा कॅमेरा यांची पडताळणी तिथे एकाच छपराखालची, आणि नमुन्याला मान्यता देते देशाची राष्ट्रीय मापन संस्था. नोटीस पाठवताना नोंदलेल्या वेगातून १०० पर्यंत ३ किलोमीटर आणि त्यापुढे ३ टक्के आधी वजा करतात. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची शिफारसही रस्त्यावरच्या चाचणीत साधारण तेवढीच चूक माफ धरते. यंत्राला जेवढी चूक माफ, तेवढी माणसालाही माफ. माझ्या चलानावर "नोंदलेला वेग ९७, वजावट ३, ग्राह्य वेग ९४, पडताळणी अमुक तारखेला, प्रमाणपत्र अमुक क्रमांक" अशी एक ओळ असती, तर मी पत्र लिहिलेच नसते. छपाईचा खर्च नाही, नवा कायदा नको. एक ओळ.

मित्रांशी बोलताना एक आक्षेप हमखास येतो. तुम्ही यंत्रावर शंका घ्यायला शिकवलेत तर बेफाम गाड्या हाकणाऱ्यांना कोर्टात पळवाट मिळेल. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. आमच्या कार्यालयातला शिपाई, ज्याने माझ्याबरोबर वीस वर्षे वजनांच्या पेट्या उचलल्या, निवृत्तीला चार महिने उरले असताना महामार्ग ओलांडताना गेला. मोटार किती वेगात होती ते कोणीच मोजले नव्हते. पंचनाम्यात 'भरधाव' एवढा एकच शब्द होता. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली आणि केंद्राच्या अहवालात त्यातल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. त्या शिपायाच्या गावच्या फाट्यावर मला वेगाचे यंत्र हवे आहे. दिवसरात्र चालणारे हवे आहे. आणि म्हणूनच ते असे हवे की एखादा चांगला वकील मायामीच्या ताडाचे झाड पुढे करून त्याला लोळवू शकणार नाही. पळवाट शिक्का नसलेल्या यंत्रातूनच निघते. माझ्या ३२ वर्षांत पडताळणी झालेल्या, सील शाबूत असलेल्या काट्याविरुद्ध केस टिकलेली मी पाहिली नाही.

आता चार शब्द माझ्याच खात्यातल्या तरुण सहकाऱ्यांना. काट्यांच्या पडताळणीचे कॅम्प आपण तालुक्याला कसे उरकतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. रांग मोठी, माणूस एक, दिवस मावळतीला लागलेला. अशा वेळी हात सवयीने ठोकत जातो. रडारच्या बाबतीत तसे होऊ देऊ नका. नादकाटा मागा. ठरावीक कंपनांचा नादकाटा बंदुकीसमोर धरला की तिने ठरावीक वेग दाखवला पाहिजे. माझ्या हिशोबाने २,४१५ कोटी कंपनांच्या त्या रडारपट्ट्यात सेकंदाला २,६८३ कंपनांचा काटा ताशी ६० दाखवतो. शाळेतल्या प्रयोगशाळेत गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचो तोच हा नादकाटा. पण तेवढ्यावर थांबू नका. खांबावरचे यंत्र खांबावर असतानाच तपासा, अंतर मोजलेल्या रस्त्यावर गाडी स्वतः पळवून तपासा, आणि यंत्र उतरवून पुन्हा चढवले की पुन्हा तपासा. नमुन्याची मान्यता प्रयोगशाळेत मिळते. चूक खांबावर होते.

चालकांनाही सांगायचे आहे. तुमच्या गाडीचा काटा बहुधा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमानुसार त्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणे चालतच नाही. जास्त दाखवायला दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत सूट आहे. तेव्हा "माझा काटा तर ८०च दाखवत होता आणि चलान ९७ चे आले" असे कोणी सांगितले, तर दोनपैकी एक यंत्र नक्की चुकले आहे. ते कोणते, हे विचारण्याचा अधिकार तुमचा आहे. शांतपणे, लेखी, दंडाची रक्कम बाजूला ठेवून विचारा. हजार-दोन हजारांसाठी कोण भांडेल, म्हणून गप्प बसू नका. पाव किलोच्या वांग्यांसाठीही लोक विचारायचे.

भाच्याची डबी मी गाडीत लावली नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून कपाटात जपून ठेवली आहे.

गेल्या महिन्यात महामार्गाच्या कडेला एक इंटरसेप्टर गाडी उभी दिसली. मी पुढे जाऊन चहाच्या टपरीपाशी मोटार लावली आणि चालत परत आलो. बंदूक हातात असलेला शिपाई पंचविशीचा होता. मी माझी ओळख सांगितली आणि विचारले, "यंत्रावर पडताळणीचा शिक्का असेल तर पाहता येईल का?" तो चिडला नाही. बंदूक त्याने उलटी केली, मुठीखाली पाहिले, बाजूचे झाकण उन्हात धरले. कंपनीचे नाव होते, अनुक्रमांक होता, बनवल्याचे साल होते. "काका, शिक्का कुठे असतो?" त्याने विचारले. मी त्याला दाखवले: इथे, या स्क्रूवर, म्हणजे झाकण उघडायचे तर आधी सील तोडावे लागेल. त्याने अंगठा त्या जागेवरून फिरवला आणि म्हणाला, "साहेबांना विचारतो." खिशातल्या वहीत मी अनुक्रमांक लिहून घेतला.